बाळंतपण कुठे होणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या आंजीत वही घेऊन दारात येणाऱ्या माणसाचे कुणाला नवल वाटत नाही. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या या मोठ्या आंजीत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. घरात माणसे किती, पाणी कुठले, लेकराला लस टोचली का, हे प्रश्न आमच्या बायाबापड्यांच्या अंगवळणी पडले आहेत. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली ही संस्था उभी राहिली. विद्यार्थ्याने खेड्यात मुक्काम करावा, घरे आणि माणसे ओळखावीत, ही तिची रीतच आहे.

पण आमचीच मुले पोटापाण्यासाठी नागपूरला, पुण्याला, मुंबईला जातात आणि एका खोलीत संसार मांडतात. तिथे त्यांना कोण विचारते आणि काय विचारते? शहराच्या आरोग्याच्या गरजा मोजायच्या म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला त्यामुळे दूरचा वाटत नाही. त्याचे उत्तर शोधताना मला जुन्या मुंबईचा इतिहास फार उपयोगी पडला. तोच आज आपल्याला सांगतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकार हादरले. घरोघरी झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेऊ लागले. पाहणी होती, पण ती पोलिसी थाटाची होती. तिचा परिणाम व्हायचा तोच झाला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. लोक रोगी लपवू लागले, मृत्यूचे कारण दडवू लागले. ज्याच्या दारात भीती जाते त्याच्याकडून खरी माहिती येत नाही, हा पहिला धडा शहराने असा घेतला. १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. रस्ते रुंद झाले, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, पण त्या वस्त्यांतल्या पुष्कळांना परवडेल असे छप्पर मिळाले नाही. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले.

पुढे १९२१ साल आले. त्या वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, असा हिशेब निघाला. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तर हा आकडा आठशेच्या वर गेला. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण या हिशेबात एक गोम होती. कोकणातल्या, घाटावरच्या पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात. बाळाचा जन्म गावाकडचा, आणि दोन-चार महिन्यांनी आई गिरणीत परतली की मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरात. भागाकारात वरची संख्या पुरी आणि खालची अपुरी. शिवाय कित्येक जन्म नोंदलेच जात नसत. म्हणजे आकडा फुगलेला होता. लेकरे मरत होती हे मात्र खरेच होते. ती का मरतात, हे दप्तरात बसून कळणार नव्हते.

ते कळले एका डॉक्टरबाईंमुळे. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स यांच्याकडे सोपवली. १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या गिरण्यांत गेल्या, तशा चाळींतही गेल्या. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर सुमारे पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक खोली त्यांना दिसली. जमिनीवर सहा चुली होत्या. म्हणजे सहा बिऱ्हाडे. विचारल्यावर कळले की लहानथोर मिळून तीस माणसे तिथे राहतात. रात्री बांबूंवर कपडे आणि गोणपाट टाकून आडोसा करायचा. सहापैकी तीन बाया लवकरच बाळंत होणार होत्या. बाईंनी विचारले, बाळंतपण कुठे होणार? तिघींनीही सांगितले, मुंबईतच.

दप्तरात न सापडणारी गोष्ट या एका प्रश्नाने हाती आली. बाईंनी आणखी एक माहिती मिळवली. आई गिरणीत गेल्यावर बाळाने रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. कामगार बायांच्या शेकडा ९८ बाळांना ती दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. यात आईला दोष देणे सोपे होते. पण मजुरी बुडाली तर चूल बंद, आणि बाळ सांभाळायला कुणी नाही, ही त्यामागची अडचण होती. म्हणजे गरज औषधाइतकीच रजेची आणि पाळणाघराची होती.

त्याचे फळ यायला वेळ लागला. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला अशी विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढच्याच वर्षी आमच्या तेव्हाच्या मध्यप्रांतातही तसा कायदा आला. हिंगणघाट-पुलगावकडच्या गिरणगावांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. देशभरासाठीचा कायदा व्हायला मात्र १९६१ उजाडले.

आज साधने वाढली आहेत. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले. वस्त्यांचे नकाशे, आशा कार्यकर्त्या, महिला आरोग्य समित्या यांची त्यात तरतूद आहे. पण २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि शहरांचे नियोजन कित्येक वर्षे २०११ च्या आकड्यांवर चालले. मधल्या काळात आलेली बिऱ्हाडे त्या आकड्यांत कुठून असणार?

आणि आपल्या मुली अजूनही पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. बाळाची पहिली लस आंजीत टोचली जाते, पुढची शहरात टोचायची असते. दोन्हीकडच्या वह्यांत ते बाळ अर्धे-अर्धे असते. म्हणून शहरात पाहणीला जाणाऱ्याने घरात माणसे किती, एवढेच विचारून उठू नये. बाळंतपण कुठे झाले, आई कामावर कधी गेली, बाळ कुणापाशी असते, हेही विचारावे. आणि सासरी परतणाऱ्या लेकीच्या पिशवीत आपण लाडवांच्या डब्याबरोबर बाळाचे लसीकरणाचे कार्ड आठवणीने ठेवावे.