दोन कप्प्यांची चिठ्ठी : पालक आणि अपत्य खिडक्यांचा इतिहास

पडद्यावरील बटण दाबले की काहीतरी घडते. पण ते बटण घडवत नाही. ते फक्त निरोप धाडते. विंडोज प्रणालीत बटण हीसुद्धा एक खिडकीच असते, ज्या खिडकीवर ते बसलेले असते तिचे अपत्य. अपत्याने पालकाला माहिती कशी कळवावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. त्याच्या उत्तरात मात्र पुढे लक्षावधी संगणकांची सुरक्षितता पणाला लागली.

नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोज १.० बाजारात आली. तिच्यातील प्रत्येक निरोपावर दोन गोष्टी लिहिलेल्या असत : तो कोणत्या खिडकीसाठी आहे आणि निरोपाचा क्रमांक कोणता. प्रत्यक्ष मजकुरासाठी उरत दोन कप्पे. पहिला 'डब्ल्यूपॅराम', १६ बिटांचा; दुसरा 'एलपॅराम', ३२ बिटांचा. नावातील 'डब्ल्यू' हा 'वर्ड'चा आणि 'एल' हा 'लाँग'चा. एकूण जागा सहा बाइट, म्हणजे इंग्रजीतील सहा अक्षरांपुरती.

बटणाला एवढी जागा पुरेशी होती. 'डब्ल्यूएम-कमांड' या निरोपाच्या पहिल्या कप्प्यात बटणाचा क्रमांक जाई. दुसऱ्याच्या एका अर्ध्यात बटणाचे हँडल, म्हणजे प्रणालीने दिलेली ओळख, आणि उरलेल्या अर्ध्यात काय घडले याची खूण.

पण नाव, पत्ता, तारीख असा मोठा ऐवज संवादपेटीकडे सोपवायचा असेल तर? (काटेकोर भाषेत संवादपेटी ही अपत्य नव्हे, दुसऱ्या खिडकीच्या मालकीची खिडकी, व्यवहारात सगळे तिला अपत्यच म्हणतात.) तेव्हा ऐवज स्मृतीत ठेवून एलपॅराममध्ये केवळ त्याचा ठावठिकाणा, म्हणजे पॉइंटर, दिला जाई. संवादपेटी त्या जागी जाऊन रकाने भरी आणि मिटताना 'झाले' किंवा 'रद्द' एवढेच सांगणारा एक आकडा परत करी.

हे पत्ते सर्वत्र चालत, याचे कारण त्या काळच्या रचनेत होते. १६ बिटांच्या विंडोजमध्ये सर्व प्रोग्राम एकाच स्मृतीत नांदत. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात फडताळ कोणते हे सांगितले की पुरते, तसेच ते होते. भिंती नव्हत्या, म्हणून अविश्वासही नव्हता.

जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी आली आणि वाड्याची वाटणी झाली. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र स्मृती मिळाली. आता एका घरातील पत्ता दुसऱ्या घरात निरर्थक ठरू लागला, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच वस्तूकडे बोट दाखवू लागला. प्रोग्रामांमधील देवाणघेवाणीसाठी 'डब्ल्यूएम-कॉपीडेटा' हा निरोप आला. त्यात प्रणाली स्वतः ऐवजाची प्रत पलीकडे नेऊन देते. हँडलही ३२ बिटांचे झाल्यामुळे डब्ल्यूएम-कमांडचे कप्पे नव्याने लावावे लागले : हँडलने संपूर्ण एलपॅराम व्यापला आणि घटनेची खूण पहिल्या कप्प्यात आली. कप्प्यांची जुनी मांडणी गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम नव्या घरात आणायचा, तर त्यातील असा प्रत्येक निरोप हाताने तपासणे आले.

स्मृतीत भिंती उभ्या राहिल्या. निरोपांची ये-जा मात्र पूर्वीसारखीच मोकळी राहिली. एकाच डेस्कटॉपवरील कोणतीही खिडकी दुसऱ्या कोणत्याही खिडकीला निरोप धाडू शके आणि धाडणारा कोण, हे निरोपावर लिहिलेले नसे. 'डब्ल्यूएम-टाइमर' या निरोपाच्या एलपॅराममध्ये तर एखाद्या कार्याचा पत्ता देता येई आणि स्वीकारणारा प्रोग्राम ते कार्य निमूटपणे चालवी.

ऑगस्ट २००२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने याचा परिणाम दाखवून दिला. साध्या वापरकर्त्याने उच्च अधिकाराच्या प्रोग्रामच्या मजकूरचौकटीत आपले यंत्रसंकेत चिकटवायचे आणि मग त्या जागेचा पत्ता देऊन टाइमरचा निरोप धाडायचा. संगणकाचा ताबा हाती! या हल्ल्याला 'शॅटर' असे नाव पडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००२ मध्ये टाइमरची वाट बुजवली, पण ती एकच वाट होती. मूळ दोषावर हात घालायचा, तर निरोप धाडण्याचे स्वातंत्र्यच आवळावे लागणार होते आणि असंख्य जुने प्रोग्राम त्याच स्वातंत्र्यावर चालत होते.

अखेर जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टाने प्रोग्रामांची अधिकारानुसार पायरी ठरवली. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवरील खिडकीला धाडलेले बहुतेक निरोप तेव्हापासून वाटेतच अडवले जातात. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये दोन्ही कप्पे ६४ बिटांचे झाले आहेत. नावातील 'डब्ल्यू' मात्र अजून त्या १६ बिटांच्या वर्डचाच आहे.