बारा शिष्यवृत्त्या, वीस मुली : अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलचा अर्धशतकाचा हिशेब

१/
अमेरिकेतील महिला कॉलेज सॉफ्टबॉलच्या अधिकृत विजेत्यांच्या यादीत १९९५ या वर्षासमोर कोणत्याही संघाचे नाव नाही. स्पर्धा झाली होती. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे यूसीएलएने, अंतिम सामन्यात ॲरिझोनाला ४-२ असे हरवलेही होते. तरीही ते विजेतेपद पुढे रद्द झाले. त्यामागे ना उत्तेजक द्रव्ये होती, ना सामनानिश्चिती. चुकला होता तो शिष्यवृत्त्यांचा हिशेब.

२/
सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये शिकागोत, बंद दालनात खेळायचा बेसबॉल म्हणून झाला. चेंडू मोठा, मैदान लहान आणि फेक खांद्याखालून. अमेरिकन कॉलेजांत पुरुष बेसबॉल खेळतात, स्त्रिया सॉफ्टबॉल. या देशात होतकरू खेळाडू घडवण्याचे मोठे काम कॉलेजेच करतात. प्रशिक्षक शाळकरी मुली हेरतात, त्यांना आपल्याकडे ओढतात आणि त्या बदल्यात शिक्षणशुल्क, निवास, भोजन व पुस्तके यांचा खर्च शिष्यवृत्तीतून देऊ करतात. या भरतीला तिकडे ‘रिक्रूटिंग’ म्हणतात.

३/
मात्र १९७१ मध्ये स्थिती नेमकी उलट होती. त्या वर्षी स्त्रियांच्या कॉलेज क्रीडास्पर्धांसाठी ‘एआयएडब्ल्यू’ ही संघटना उभी राहिली. आरंभी सुमारे २८० कॉलेजे तिची सभासद होती. तिचा नियम स्पष्ट होता : खेळासाठी शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाही.

४/
हा नियम पुरुषांनी लादलेला नव्हता. तो शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकांनी स्वतःहून केला होता. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनसीएए’ या पुरुषांच्या संघटनेचा कारभार त्या पाहत आल्या होत्या. खेळाडूंची पळवापळवी, चोरून दिलेले पैसे, अभ्यासाकडे दुर्लक्ष, जिंकण्याचे दडपण. पैसा आला की विद्यार्थिनी मागे पडेल आणि खेळाडू तेवढी उरेल, अशी त्यांना धास्ती होती. ही धास्ती निराधार नव्हती.

५/
सॉफ्टबॉलचे जग तेव्हा अगदीच छोटे होते. पहिली ‘महिला कॉलेज वर्ल्ड सिरीज’ १९६९ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे झाली. पहिली तिन्ही विजेतीपदे त्याच राज्यातील वाहू या लहानशा गावाच्या जॉन एफ. केनेडी कॉलेजने जिंकली. ते कॉलेज १९७५ मध्ये बंदही पडले. ज्या खेळात असे चिमुकले कॉलेज देशात पहिले येऊ शकत होते, त्याचे अर्थकारण लवकरच पालटणार होते.

६/
२३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा अस्तित्वात आला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेदाला त्याने मनाई केली. कायद्याच्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. पण एक प्रश्न आपोआप उभा राहिला : मुलाला खेळाच्या बळावर शिक्षण फुकट मिळते, तर मुलीला का नाही?

७/
हा प्रश्न न्यायालयात नेला तो टेनिसने. जानेवारी १९७३ मध्ये फ्लोरिडातील मेरीमाउंट कॉलेजच्या शारीरिक शिक्षण विभागप्रमुख पीची केलमेयर, त्यांच्या सहकारी आणि खेळाडू यांनी दावा दाखल केला. शिष्यवृत्ती घेतली एवढ्याच कारणाने या मुलींना स्पर्धेबाहेर ठेवले जात होते. निकालाची वाट न पाहता संघटनेने त्याच वर्षी बंदी मागे घेतली. मुलींच्या रक्षणासाठी केलेला नियम मुलींनीच मोडीत काढला होता.

८/
शिष्यवृत्ती आली, पण भरतीवरचे निर्बंध राहिले. प्रशिक्षकांनी गावोगाव फिरून मुलींना गळ घालू नये, मुलीनेच स्वखर्चाने कॉलेजात येऊन चाचणी द्यावी, असा एआयएडब्ल्यूचा आग्रह होता. हेतू चांगला होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. दडपण कमी झाले हे खरे, पण ज्या घराला प्रवासखर्च परवडत नव्हता, तिथली मुलगी कितीही गुणी असली तरी प्रशिक्षकाच्या नजरेस पडणे अवघड होते.

९/
१९८२ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली : एकाच वर्षी दोन राष्ट्रीय विजेते. एआयएडब्ल्यूची स्पर्धा ओक्लाहोमातील नॉर्मन येथे झाली, ती टेक्सास ए अँड एमने जिंकली. स्त्रियांच्या स्पर्धांत नव्यानेच उतरलेल्या एनसीएएची स्पर्धा ओमाहात झाली, ती यूसीएलएने जिंकली. एनसीएएकडे पैसा होता. ती संघांचा प्रवासखर्च देत होती आणि महिला संघांसाठी कॉलेजांकडून वेगळी वर्गणी घेत नव्हती. एआयएडब्ल्यूने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि तो हरला. संघटना बंद पडली.

१०/
या विलीनीकरणाचा जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. मुलींना पैसा, प्रसिद्धी आणि मोठी स्पर्धा मिळाली. त्याच वेळी सूत्रे हातची गेली. १९७२ मध्ये अमेरिकन कॉलेजांतील महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. पगार वाढला तसे पुरुष या पदांकडे वळले.

११/
आता मूळ हिशेबाकडे वळू. एनसीएएने प्रत्येक खेळासाठी शिष्यवृत्त्यांची कमाल संख्या ठरवली. वरच्या श्रेणीतील सॉफ्टबॉल संघासाठी ती अनेक वर्षे १२ होती. संघात मुली मात्र वीस किंवा त्याहून अधिक. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली तर ती पूर्णच मिळे. सॉफ्टबॉलमध्ये तिचे तुकडे करण्याची मुभा होती : कोणाला पाऊण, कोणाला पाव, कोणाला नुसतीच पुस्तके. पुरुषांच्या बेसबॉलची मर्यादा ११.७ होती, फुटबॉलची ८५.

१२/
तुकड्यांच्या या गणितात भूगोलही शिरतो. सरकारी विद्यापीठ परराज्यातील विद्यार्थ्यांकडून जास्त शुल्क घेते. म्हणजे घराजवळची मुलगी स्वस्तात पडते. कॅलिफोर्निया व ॲरिझोनात हवा उबदार, त्यामुळे मुली वर्षभर खेळतात. उत्तरेतील संघांना मोसमाच्या आरंभी बर्फ टाळून दक्षिणेत सामने खेळायला जावे लागते. १९८८ ते १९९७ या दहा वर्षांत यूसीएलए आणि ॲरिझोना सोडून तिसऱ्या कोणीही अंतिम सामना जिंकला नाही. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील पहिला विजेता मिशिगन. वर्ष २००५.

१३/
या चढाओढीतच १९९५ चे प्रकरण घडले. मोसम निम्म्यावर आलेला असताना, मार्चच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील टान्या हार्डिंग यूसीएलएत दाखल झाली. तिने १७ सामने जिंकून दिले, फक्त एक गमावला. वर्ल्ड सिरीजमध्ये ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि अंतिम परीक्षा न देताच मायदेशी परतली. देशभर टीका झाली. नियम मात्र मोडला नव्हता. पुढे तिने ऑस्ट्रेलियाकडून चार ऑलिंपिक पदके मिळवली.

१४/
नियम मोडला होता तो दुसरीकडे. एनसीएएच्या चौकशीत असे आढळले की सॉफ्टबॉलची मर्यादा संपल्यावर यूसीएलएने काही सॉफ्टबॉल खेळाडूंना महिला सॉकरच्या खात्यातून शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. १९९७ मध्ये शिक्षा झाली : १९९५ चे विजेतेपद रद्द, बाद फेरीच्या स्पर्धेतून बंदी आणि शिष्यवृत्त्यांत कपात. संपन्न विद्यापीठालासुद्धा खाते बदलण्याचा मोह झाला, यावरून त्या मर्यादित शिष्यवृत्त्यांचे मोल कळते.

१५/
त्याच सुमारास लुइझियानात मुली आणखी मूलभूत गोष्टीसाठी झगडत होत्या. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या आरंभीच सॉफ्टबॉल संघ बंद केला होता. १९९४ मध्ये विद्यार्थिनींनी टायटल नाइनखाली दावा लावला. १९९६ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाने कायदा मोडल्याचे ठरवले. १९९७ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला आणि २००१ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. ज्या मुलींनी दावा लढवला, त्यांची शिक्षणाची वर्षे बहुतांशी न्यायालयातच सरली.

१६/
शिष्यवृत्त्या मोजक्या आणि दावेदार असंख्य, तेव्हा भरती लवकर सुरू होते. २०१० च्या दशकात प्रशिक्षक आठवीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेऊ लागले. तेरा-चौदा वर्षांची मुलगी चार-पाच वर्षांनंतरचे कॉलेज ठरवत होती. तो होकार कोणालाच बांधील नव्हता. दुखापत झाली किंवा प्रशिक्षक बदलला, तर शब्द हवेत विरे. एप्रिल २०१८ मध्ये नियम आला : अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने मुलीशी भरतीविषयी बोलायचे नाही.

१७/
त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये निजारी कॅनडी ही गोलंदाज स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकमध्ये गेली. तिच्या एका वर्षाच्या कराराची रक्कम दहा लाख डॉलरहून अधिक होती. २०२५ मध्ये टेक्सास टेक अंतिम फेरीत पोहोचले आणि तिसऱ्या, निर्णायक सामन्यात टेक्सासकडून हरले.

१८/
जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा उठवली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठाला आता संघात २५ मुली ठेवता येतात आणि सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. देता येते, द्यावीच लागते असे नाही. शिवाय त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंमध्ये थेट पैसे वाटण्याची परवानगी दिली. त्यातला मोठा वाटा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाईल, असे सुरुवातीपासूनच मानले गेले. सॉफ्टबॉलच्या वाट्याला काय उरणार, हा हिशेब प्रत्येक विद्यापीठ स्वतःच करणार.

१९/
या झगमगाटाबाहेर मोठे जग आहे. दुसऱ्या श्रेणीतील सॉफ्टबॉल संघाची मर्यादा ७.२ शिष्यवृत्त्यांची. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. तेथील प्रशिक्षक अभ्यासक्रम, वर्गांचा आकार आणि गरजेवर आधारित मदत दाखवून मुलींना बोलावतात. म्हणजे १९७१ च्या अध्यापिकांनी पाहिलेले विद्यार्थिनी-खेळाडूचे स्वप्न पूर्णपणे पुसले गेलेले नाही. ते सर्वांत कमी पैसा असलेल्या मैदानांवर टिकून आहे.

२०/
त्या अध्यापिकांना पैशाचे धोके अचूक दिसले होते. केलमेयर यांना पैसा नाकारण्यातला अन्याय अचूक दिसला होता. दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणूनच अर्धशतकात हा हिशेब जुळलेला नाही. १९९५ समोरची रिकामी जागा एका संघाच्या चुकीची नोंद म्हणून वाचता येते. तिच्यामागे मात्र एक साधी वजाबाकी आहे : वीस मुली वजा बारा शिष्यवृत्त्या. उरलेल्या आठींचा खर्च दर वर्षी कोणी ना कोणी उचलतच आले आहे, बहुधा त्यांच्या घरच्यांनी.