टोब्रुक, १९४२ : मराठा शिपायाची नोंद आणि तिचे वाचन

दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेचा इतिहास प्रायः सेनापतींच्या नावांनी सांगितला जातो. २० जून १९४२ ह्या दिवसाविषयी त्यात मराठी माणसाचा उल्लेख बहुधा एका वाक्यापुरता येतो : टोब्रुकच्या आग्नेय बाजूस मराठा पलटणीच्या आघाडीवर जर्मन रणगाड्यांनी फळी फोडली. ह्या वाक्यात पलटण आहे, माणूस नाही. आणि पलटणही आहे ती केवळ पराभवाचे स्थळ म्हणून. त्या वाळवंटात पडलेल्या शिपायाचे स्मरण करावयाचे, तर प्रथम हे वाक्यच तपासले पाहिजे.

ही पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होय. अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये तिच्यासमवेत कॅमेरन हायलँडर्स आणि सातव्या गुरखा रेजिमेंटची दुसरी पलटण होती. १९४१ च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत टोब्रुकने वेढा सोसला होता. परंतु पुढील वर्षीच्या जूनपर्यंत रणगाड्यांना अडविणारा खंदक ठिकठिकाणी वाळूने बुजला होता, आणि पेरलेल्या सुरुंगांपैकी पुष्कळसे उकरून गझालाच्या आघाडीवर नेण्यात आले होते. पहाटे विमानांनी व तोफांनी ह्या अरुंद पट्ट्यावर भडिमार केला. त्यामागून सुरुंग काढून व खंदकावर वाट करून १५ व्या आणि २१ व्या पँझर डिव्हिजनचे रणगाडे सकाळी साडेआठच्या सुमारास आत घुसू लागले. त्यांना परतविण्यासाठी निघालेले ब्रिटिश रणगाडे उशिरा पोहोचले. संध्याकाळी शत्रू बंदरावर होता. दुसऱ्या दिवशी शरणागती झाली आणि सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. ह्या निकालाची कारणे त्या सकाळच्या कितीतरी आधी घडली होती. एका पलटणीच्या धैर्याअधैर्यावर त्याचा भार टाकणे हे इतिहासलेखन नव्हे.

पराभवाचे राजकीय पडसाद मोठे उमटले; जुलैमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात चर्चिल ह्यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आला व तो फेटाळला गेला. शिपायाच्या वाट्यास मात्र एक ओळ आली. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताची नोंद करण्याचे तत्त्व स्वीकारले होते. त्यास अनुसरून, ज्यांची समाधी ज्ञात नाही अशांची नावे इजिप्तमधील अल-अलामीनच्या स्मारकभिंतींवर कोरली गेली. दहन झालेल्यांसाठी तेथेच वेगळे स्मारक आहे. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य स्मारकाचे उद्घाटन झाले. आयोगाच्या नोंदवहीत पुष्कळदा पित्याचे नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो.

तथापि ही ओळ वाचणे सोपे नाही. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ट’ आणि ‘त’ ह्यांचा भेद उरत नाही. ‘काळे’ की ‘काले’ हे अक्षरांवरून ठरत नाही. गावांच्या नावांची तीच गत. एकाच नावाची वडगावे अनेक. जिल्हाही वाचकास फसवितो. नोंदीतील रत्नागिरीत १९८१ मध्ये वेगळा झालेला सिंधुदुर्ग सामावलेला आहे, कुलाबा म्हणजे पुढचा रायगड आहे, आणि साताऱ्यात आजच्या सांगलीचा बराच भाग आहे. म्हणून नाव, पित्याचे नाव, तालुका आणि स्थानिक उच्चार ही चारही अंगे एकत्र ठेवल्याखेरीज माणूस ओळखता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील अनेक गावांत शिळा बसविण्यात आल्या. गावातून किती जण गेले व त्यांपैकी किती मृत्यू पावले, हे त्यांवर लिहिलेले असते. नावे बहुधा नसतात. शिळेने गावापाशी संख्या ठेवली. अलामीनच्या भिंतीने गावापासून हजारो मैलांवर नाव ठेवले. दुसऱ्या युद्धातील शिपायाचे ते नाव त्याच्या भाषेत, योग्य उच्चारासह, त्याच्या गावी परत आणणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. लढाई जिंकली गेली की हरली, ह्यावर त्या कामाचे महत्त्व अवलंबून नाही.