अतिक्रमणाच्या नावाचे शहर

ब्राझिलियाचा इतिहास शिकवायला सोपा. ब्राझीलच्या मध्यभागातील विरळ वस्तीचे पठार, लुसिओ कोस्टा यांचा विमानासारखा आराखडा, ऑस्कर निमायर यांच्या इमारती आणि २१ एप्रिल १९६० रोजी उद्घाटन. पुढे १९८७ मध्ये युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान.

राजधानी बांधणाऱ्या मजुरांना मात्र आराखड्यात जागा नव्हती. त्यांनी झोपड्या बांधल्या. १९७१ मध्ये, लष्करी राजवटीत, सुमारे ८० हजार लोकांना उचलून शहराबाहेर दूरवर नेऊन ठेवले. मोहिमेचे नाव होते ‘अतिक्रमण निर्मूलन मोहीम’. तिच्या पोर्तुगीज आद्याक्षरांवरूनच नव्या वस्तीला सेइलांडिया हे नाव पडले. (हा शब्दप्रयोग आपल्याला काही परका वाटू नये!)

याच सेइलांडियात राहणारे दिग्दर्शक अदिर्लेई केइरोस यांनी २०१४ मध्ये एक माहितीपट केला. त्याच्या नावाचा अर्थ ‘गोरे बाहेर, काळे थांबा’. १९८६ मध्ये येथल्या एका नाचाच्या हॉलवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा दिलेला हा हुकूम. लष्करी राजवट संपून वर्षच झाले होते. त्या रात्री एका तरुणाला गोळी लागली, तो कायमचा चाकाच्या खुर्चीत बसला. दुसऱ्याने पाय गमावला. चित्रपटात हे दोघेच आपापली गोष्ट सांगतात. पहिला माइकपुढे बसून ती रात्र वर्तमानकाळात सांगतो आणि पडद्यावर हॉलमधली जुनी छायाचित्रे येतात.

इथपर्यंत हा नेहमीचा माहितीपट. पण त्यात भविष्यातून एक तपासनीस येतो. त्याचे कालयंत्र म्हणजे मालवाहतुकीचा लोखंडी कंटेनर! शासनाने काळ्या आणि वेशीबाहेरच्या लोकांवर केलेल्या गुन्ह्यांचे पुरावे त्याला गोळा करायचे आहेत. राजधानीत शिरायला सेइलांडियाच्या माणसाला पासपोर्ट लागतो, अशीही कल्पना आहे.

विज्ञानकथा कशाला, असे आम्हालाही प्रथम वाटले. पण इतिहासकाराला पुरावा लागतो, आणि इथे दप्तरात आहे ती मोहिमेची बाजू. उरतात ती जखमी शरीरे, काही फोटो आणि आवाज. ते पुरावे म्हणून मागणारा कोणी वर्तमानात नाही, म्हणून तो भविष्यातून आणावा लागला. पासपोर्टची कल्पना तर फारशी खोटीही नाही. नकाशावरची हद्द तेवढी पडद्यावर दिसू लागते.

शेवटी ते दोघे सेइलांडियातले आवाज आणि गाणी साठवून एक बाँब राजधानीवर सोडतात. स्फोट दिसतो तो केवळ हाताने काढलेल्या चित्रांत. हा सूड आम्हाला पूर्ण पटला नाही. पण वर्गात चर्चा सुरू करायची तर तिथूनच करावी.