सोळा नंबरची तार

गेल्या मे महिन्यात पुतण्या एडवणच्या किनाऱ्यावर रिमोटची गाडी पळवत होता. भुसभुशीत वाळूत चाकं रुतली की मोटर जास्त करंट ओढते. बॅटरीची वायर हाताला चटका बसेल इतकी तापली. ती वायर मीच सुचवली होती, जुना तक्ता बघून : सोळा नंबर.

चूक कुठे झाली हे शोधताना या नंबरांचं मूळ सापडलं. सोनार जंतराच्या एकाहून एक लहान भोकांतून तार ओढत नेतो. तारेचे नंबर अशाच ओढकामातून आले. जितक्या वेळा ओढली तितका नंबर, म्हणून नंबर वाढतो तशी तार बारीक होते. इंग्लंडात कारखान्यागणिक मापं वेगळी होती. १ मार्च १८८४ पासून तिथे एकच कायदेशीर गेज लागू झालं. अमेरिकेत मात्र १८५७ मध्येच ब्राऊन अँड शार्प या कंपनीने स्वतःचं, गणिती प्रमाणात बसवलेलं गेज आणलं होतं. त्यात तीन नंबर पुढे गेलं की तांबं निम्मं होतं.

आपल्याकडे इंग्रजी नंबर रुजले. जुने वायरमन ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ म्हणत : आधी तारांची संख्या, मग तारेचा नंबर. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि दुकानात ‘दीड’, ‘अडीच’ चौरस मिलिमीटर सुरू झालं. मोटर रिवाइंडिंगवाले मात्र अजून नंबरच सांगतात.

माझा तक्ता ब्रिटिश होता आणि पुतण्याने ऑनलाइन मागवलेली वायर अमेरिकन. ब्रिटिश सोळा म्हणजे २.०८ चौरस मिलिमीटर, अमेरिकन सोळा १.३१. तांबं तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त कमी, म्हणजे त्याच करंटला उष्णता दीडपटीहून अधिक. घरात २३० व्होल्टवर २२२ वॅटला एक अँपिअरही लागत नाही. या गाडीच्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढ्यासाठी तीस अँपिअर वाहतात. खेळण्याची वायर घरच्या दिव्याच्या वायरीहून जाड का, याचं उत्तर एवढंच. मला ते पन्नाशीत कळलं.

ब्रिटिश सोळा आणि अमेरिकन चौदा जवळजवळ एकच. आता गाडीत चौदा नंबर आहे, सिलिकॉनची, बारीक तारांची, आणि खाऱ्या हवेत तांबं काळं पडतं म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली.


तक्त्याच्या डोक्यावर मी लाल शाईने ‘ब्रिटिश’ लिहून ठेवलं आहे.