सीहोरची पाठशाळा आणि फिरणारी पृथ्वी

इंदूरहून भोपाळला जाताना, भोपाळच्या अलीकडे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर सीहोर लागतं. आपण इंदूरकर तिथे फार तर चहाला थांबतो. सीहोर म्हटलं की आपल्याला शरबती गहू आठवतो, त्यापलीकडे काही नाही. मीही असाच होतो. देवासच्या एका कारखान्यात नोकरी करताना या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असेन. पण याच गावात १८३० च्या दशकात, पृथ्वी गोल आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, या विषयावर मराठीत एक ग्रंथ सिद्ध झाला, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

निमित्त घरातलंच झालं. माझी भाची नववीत आहे. तिने एकदा विचारलं, ‘‘मामा, पृथ्वी फिरते हे पाठ आहे मला. पण ती फिरते हे कळलं कसं? आपल्याला तर काहीच जाणवत नाही.’’ इंजिनीअर माणूस मी, तरी दोन मिनिटं गप्प बसलो. आपण हे ‘शिकलो’ म्हणजे खरं तर मान्य करून टाकलं होतं. ज्यांना ते पहिल्यांदा पटवून द्यावं लागलं त्यांनी काय केलं असेल, या शोधात मी सीहोरला पोहोचलो.

साहेब आणि शास्त्री

१८१८ च्या तहानंतर भोपाळ संस्थानासाठी कंपनी सरकारचा एजंट सीहोरला राहू लागला, तिथे छावणी बसली. १८३० च्या दशकात या जागेवर लॅन्सलॉट विल्किन्सन हा मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतला अधिकारी होता. त्याला संस्कृत येत होतं आणि सीहोरच्या पाठशाळेत तो जातीने लक्ष घालत होता. फलज्योतिषाचा लोकांवरचा पगडा कमी व्हावा ही त्याची इच्छा होती, त्यामुळे त्याला निव्वळ ज्ञानप्रेमी म्हणता येणार नाही. पण त्याची पद्धत वेगळी होती.

त्या काळी कंपनी सरकारात वाद चालू होता, की हिंदुस्थानी मुलांना काय शिकवायचं आणि कोणत्या भाषेतून. १८३५ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात मेकॉलेने पुराणांतल्या काकवीच्या आणि लोण्याच्या समुद्रांची टिंगल केली आणि इंग्रजीची बाजू घेतली. त्याच्या एक वर्ष आधी, १८३४ मध्ये, विल्किन्सनने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुराणांतला भूगोल खोडून काढायला विलायतेहून पुस्तकं आणायची गरज नाही, इथल्याच सिद्धांतग्रंथांनी तो कधीच खोडून काढला आहे. तेच ग्रंथ शिकवा, म्हणजे पंडित मुकाट्याने ऐकतील आणि तिथून कोपर्निकसकडे जायला एकच पाऊल उरेल.

त्याच्या हाताशी जे पंडित होते त्यांत मुख्य सुबाजी बापू. विल्किन्सनने लिहून ठेवलं आहे की सिद्धांतांची ही बाजू पुढे आल्यावर सुबाजींना आपलं इतकं आयुष्य खुळ्या कल्पनांची पाठराखण करण्यात गेलं याची हळहळ वाटली आणि ज्या पूर्वसूरींनी हे सत्य झाकून ठेवलं त्यांचा राग आला. १८३६ मध्ये सुबाजींनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुराणांचं मत, सिद्धांतांचं मत आणि कोपर्निकसचं मत ही तिन्ही समोरासमोर मांडायची आणि मग तिसऱ्याच्या बाजूने कौल द्यायचा, अशी त्याची रचना. याच वर्तुळातल्या ओंकार भट्टांनी पुढे ‘भूगोलसार’ हे हिंदी पुस्तक लिहिलं. म्हणजे आपल्या माळव्यात शालेय विज्ञानाची सुरुवात संस्कृत पोथीवरून मराठी-हिंदीत झाली, इंग्रजी क्रमिक पुस्तकावरून नाही.

भास्कराचार्यांच्या पोथीत काय होतं

सिद्धांतशिरोमणी हा भास्कराचार्यांचा ११५० चा ग्रंथ. त्यातल्या गोलाध्यायातले युक्तिवाद आजही वर्गात जसेच्या तसे शिकवता येतील.

पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते? कारण माणूस फार लहान आणि पृथ्वी फार मोठी. कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो.

पृथ्वी कशावर टेकली आहे? शेषावर म्हणाल तर शेष कशावर? असे आधाराला आधार लावत गेलं तर संपणारच नाही. कुठेतरी ‘हा स्वतःच्या शक्तीने राहतो’ असं म्हणावं लागेल. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये?

पृथ्वी खाली का पडत नाही? पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तू आपल्याकडे ओढते, त्यालाच आपण पडणं म्हणतो. सगळीकडे सारखंच आकाश असताना पृथ्वीने स्वतः पडायचं कुठे?

पलीकडच्या बाजूची माणसं उलटी लटकतात का? नाही. तळ्याच्या काठावरच्या माणसाचं प्रतिबिंब आपल्याला उलटं दिसतं, पण तिथली माणसं आपल्याइतकीच निवांत उभी असतात.

आणि पृथ्वी मोजायची कशी? इथे आपलं उज्जैन येतं. विषुववृत्तापासून उज्जैनचं अंतर परिघाच्या सोळाव्या भागाइतकं आहे, म्हणून ते अंतर मोजून सोळाने गुणा, परिघ मिळेल. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. आजचा उज्जैनचा अक्षांश तेवीस अंशांच्या थोडा वर आहे. हिशेब साध्या त्रैराशिकाचा.

मला हे वाचून स्वस्थ बसवेना. सोलापूरला माझी आतेबहीण राहते. नकाशात पाहिलं तर इंदूर आणि सोलापूर जवळजवळ एकाच रेखांशावर. २१ मार्चला दुपारी साडेबारानंतर, सावली सगळ्यात आखूड असताना, तिने गच्चीवर आणि मी भाचीला घेऊन अंगणात एकेक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. आमची सावली ४२ सेंटीमीटर भरली, तिची साडेएकतीस. दोन्हींचे कोन काढले तर फरक ५.३ अंश. नकाशावर दोन गावांमधलं अंतर साधारण ५६० किलोमीटर. ३६० ला ५.३ ने भागून ५६० ने गुणलं, तर उत्तर आलं ३८ हजार किलोमीटर. खरा आकडा ४० हजार. सावलीची कड धूसर असते, अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होतोच. आधी मी हाच प्रयोग इंदूर आणि उज्जैन यांच्यात करून फसलो होतो, कारण तिथे दोन सावल्यांत जेमतेम एक सेंटीमीटरचा फरक पडतो आणि तो त्या धूसर कडेतच हरवून जातो. भाचीला मात्र हे फसणंच जास्त आवडलं.

अडलं कुठे?

इथपर्यंत वाचल्यावर आपल्यापैकी पुष्कळांना म्हणावंसं वाटेल, ‘बघा, सगळं आपल्याकडे होतंच.’ मला तिथे थांबायचं नाही. विल्किन्सनला जे ‘एकच पाऊल’ वाटलं होतं, ते फार मोठं होतं. सिद्धांतग्रंथांतली पृथ्वी गोल आहे, निराधार आहे, पण ती स्थिर आहे. सूर्य-चंद्र-ग्रह तिच्याभोवती फिरतात. भास्कराचार्यांचं आकर्षणही पृथ्वीपुरतंच आहे, सूर्याने ग्रहांना ओढावं असा नियम त्यात नाही. आणि पुराणांतले ते समुद्र त्यांनी टाकून दिलेले नाहीत, गोलाच्या दक्षिण अर्ध्या भागात बसवून दिले आहेत.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं आर्यभटांनी ४९९ मध्ये म्हटलं होतं. नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्यांचा दृष्टांत. पण नंतरच्यांनी तो मानला नाही. आपल्या उज्जैनच्या वराहमिहिरांचा आक्षेप असा: पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले ससाणे परत आपल्या घरट्याकडे येऊ शकले नसते.

या आक्षेपाला हसू नये. उज्जैन आणि इंदूर या घटकेला पृथ्वीबरोबर ताशी सुमारे दीड हजार किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालले आहेत. पक्षी दहा सेकंद हवेत राहिला तर घरटं चार किलोमीटर पुढे जायला हवं. जात नाही. का?

याचं उत्तर नववीच्या विज्ञानात आहे, ‘जडत्व’ या शब्दात. भोपाळच्या गाडीत बसून शेंगदाणा वर उडवा, तो हातातच परत येतो, मागच्या डब्यात जात नाही. कारण हातातून सुटतानाच त्याच्याकडे गाडीचा वेग असतो आणि कोणी अडवेपर्यंत तो वेग त्याच्याकडेच राहतो. पक्षी, हवा, घरटं, सगळेच पृथ्वीचा वेग घेऊन चालले आहेत. हे गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या संवादग्रंथात जहाजाच्या उदाहरणाने मांडलं आणि न्यूटनने १६८७ मध्ये त्याला नियमाचं रूप दिलं. सिद्धांतग्रंथांत आकर्षण होतं, जडत्व नव्हतं. आर्यभटांकडे बरोबर विधान होतं, पण ससाण्याच्या आक्षेपाला उत्तर नव्हतं. पृथ्वी गोल आहे हे घरच्या पोथीवरून सिद्ध करता येत होतं, ती फिरते हे पटवायला मात्र बाहेरून नवं भौतिकशास्त्र आणावं लागलं. सीहोरच्या गोष्टीतला मला सापडलेला मुद्दा हाच.

आता सुबाजींचं साल पुन्हा बघा, १८३६. पृथ्वीच्या भ्रमणामुळे जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो, हे बेसेलने मोजून जाहीर केलं १८३८ मध्ये. फूकोने लंबक टांगून पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं डोळ्यांना दाखवलं १८५१ मध्ये. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतले हे दोन पुरावे हाती येण्याआधी, सीहोरमधल्या एका शास्त्रीबुवांनी आपलं मत मराठीत छापून जाहीर केलं होतं.

त्याची किंमतही होती. १८३७ मध्ये यज्ञेश्वर या पंडितांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणं आणि सिद्धांत यांत मुळी विरोधच नाही, असं प्रतिपादन केलं. सुबाजींनी त्याच वर्षी ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून उलट उत्तर दिलं. हा वाद संस्कृतात, शास्त्राच्या जुन्या रिवाजाने झाला. पण सुबाजींना आजच्या अर्थाने सुधारक म्हणायची घाई नको. जातिभेदावर हल्ला करणारी ‘वज्रसूची’ १८३९ मध्ये विल्किन्सनने छापली, तेव्हा तिच्यासोबतच तिचं खंडन करणारी ‘लघुटंक’ही छापली गेली. तिचे कर्ते हेच सुबाजी बापू. पृथ्वी हलते हे मान्य केलेल्या माणसाला समाजाची उतरंड हललेली चालत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

पुढे काय झालं?

विल्किन्सन १८४१ मध्ये वारला आणि सीहोरचा बहर ओसरला. पण एक विद्यार्थी तिथून पुढे गेला. नगर जिल्ह्यात गोदाकाठच्या टोके गावचे बापूदेव शास्त्री, जन्म १८२१. नागपुरात शिकत असताना विल्किन्सनने त्यांची हुशारी पाहिली आणि त्यांना सीहोरला आणलं. तिथे ते सेवाराम पंडितांकडे रेखागणित शिकले. पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सनने केलेलं गोलाध्यायाचं इंग्रजी भाषांतर त्यांनीच तपासून, स्वतःच्या सूर्यसिद्धांताच्या भाषांतरासोबत १८६१ मध्ये प्रसिद्ध केलं.

चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची त्यात नोंद आहे. ग्रंथ लिहून भागत नाही, तो शिकवायला जागा लागते, हे चांगदेवांना कळलं होतं. पुढच्या शतकांत पंडितांच्या घरी सिद्धांतशिरोमणी होता, पंचांगं निघत होती, ग्रहणं बरोबर लागत होती. तरी त्याच घरात पृथ्वी शेषाच्या फण्यावर आणि ग्रहण राहूच्या तोंडात होतं. सुबाजींना राग आला तो याचाच.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे मामा, तुझ्या शाळेतही फक्त पाठच करून घेतलं होतं?’’ मी हो म्हणालो. येत्या २३ सप्टेंबरला आम्ही पुन्हा काठी लावणार आहोत, या वेळी दोन मीटरची. ढग नसले तर सूर्य ठीक विषुववृत्तावर असेल, आणि सोलापूरच्या गच्चीवरही काठी तयार आहे. आपल्या मंडळातल्या कुणाचे नातलग आणखी दक्षिणेला, याच रेखांशावर असतील तर त्यांनाही सामील करून घेऊ. अंतर जितकं जास्त, तितकी चूक कमी.