गुंडीमागे किती?

मार्च 1936 चा पहिला आठवडा. मूल गावापर्यंत छोटी गाडी, पुढे बैलगाडी, आणि अंगभर धूळ घेऊन तुम्ही सावली गावात उतरता. जिल्हा चांदा, मुलूख मध्यप्रांताचा. धान कधीच निघालंय, बांध्या उन्हानं तडकल्यात आणि मोह अजून टपकायला लागलेला नाही. म्हणजे हाताला काम नसण्याचेच हे दिवस.

गर्दी सगळी गांधी सेवा संघाच्या संमेलनाकडे. अध्यक्ष किशोरलाल मशरूवाला. नुकतेच रक्तदाबाच्या दुखण्यातून उठलेले गांधीजीही आलेत. दर्शन घ्यायचं तर घ्या. पण खरी परीक्षा चालू आहे ती चरखा संघाच्या खादी केंद्राच्या ओसरीवर, सूत घेऊन आलेल्या बायांच्या रांगेत. तिथं टेका.

‘सूत आनलं का वो माय?’ कारकून विचारतो. बाई पदराखालून गुंड्या काढते. एका गुंडीत 640 तार, तार चार फुटांची. तो वजन करतो, तार मोजतो, मग एक धागा दोन्ही हातांत धरून ताणतो. तुटतो. दुसरा ताणतो. टिकतो. बाईची नजर त्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे आहे. सूत कुठं जाड, कुठं बारीक. पेळूचा कापूस नीट पिंजलेला नसला की असंच होतं, पण पिंजणाचा दोष शेवटी कातणारीच्याच माथी.

आजवर दिवसभर चाती फिरवून आणाभर सुटला तरी खूप होतं. खादी कितीला खपेल ते आधी ठरायचं, त्यातून विणकराची मजुरी वजा व्हायची, आणि तळाशी उरेल ते कातणारीचं. ऑक्टोबर 1935 मध्ये वर्ध्याला चरखा संघानं हा हिशेब उलटा केला. आठ तासांच्या चांगल्या कामाला पोटापुरतं अन्न आणि वर्षाला वीस वार कापड सुटलंच पाहिजे. कापडाची किंमत त्यावरून ठरेल. गांधीजींच्या मनात आठ आणे होते. श्रीकृष्णदास जाजूंच्या महाराष्ट्र शाखेनं धरले तीन. तिकडे नालवाडीला विनोबा सुताच्या मजुरीवर स्वतःच जगून बघत होते. दर ठरवणाऱ्यानं तो दर आधी स्वतःला लावून बघायचा, ही पद्धत पुढे कुठल्याही वेतन मंडळानं उचललेली दिसत नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, तेव्हा एक गोष्ट तुमच्या जिभेवर येणार. 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीनं किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 वर नेलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्टफूडची दुकानं तपासली, तर नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्डना 2021 चं नोबेल मिळालं. त्यावरचं एक स्पष्टीकरण असं की, मजूर घेणारे मोजके असले तर ते मजुरी दाबून ठेवतात. कायद्यानं ती वर ढकलली तर मालकाचा नफा घटतो, काम नाही.

सावलीतही सूत घेणारा एकच. पण हे सांगायची घाई करू नका. या एकट्या गिऱ्हाइकाकडे दाबून ठेवलेला नफाच नाही. वाढलेले दोन आणे खादीच्या किमतीत चढणार, आणि पुण्या-मुंबईच्या भांडारात उभ्या माणसाला नागपूरच्या एम्प्रेस मिलचं कापड त्याहून स्वस्तात मिळतंच आहे. त्यानं जास्त पैसे मोजले तर ठीक. नाही मोजले तर गठ्ठे पडून राहणार आणि केंद्राला सूत कमी घ्यावं लागणार. शिवाय तीन आण्यांची बातमी गावोगाव गेली की रांग लांबणारच.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी आहे. तिची गुंडी बाजूला ठेवली जाते. हात थरथरतात, सूत एकसारखं येत नाही. कच्च्या सुतालाही जुन्या दरात गिऱ्हाईक होतं. ‘चांगल्या कामाच्या’ दरात तिला जागा नाही. मला या योजनेतली अवघड जागा हीच वाटते. दर पोटावरून ठरला, पण मिळणार तो बोटांवरून.

आता 1980 च्या उन्हाळ्यात या. गाव तेच, मध्ये 1948 चा किमान वेतन कायदा होऊन गेला. वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी 26 जानेवारी 1979 पासून कायदा म्हणून लागू आहे. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत नाही दिलं तर बेकारी भत्ता. सुताचं गिऱ्हाईक जे देऊ शकत नव्हतं ते सरकारनं शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून द्यायचं ठरवलं. नोकरदार कुरकुरतो, पण भांडारात जास्त पैसे मोजायचे की नाही हे आता त्याच्या मर्जीवर राहिलेलं नाही.

माजी मालगुजारी तलावाचा गाळ काढणं चालू आहे, असं धरा. मजुरी इथंही मापावर: साधारण माणसानं सात तास नेटानं काम केलं तर किमान मजुरी पडावी असा दर बांधलेला. मस्टरवर अंगठे उमटलेत. टेप घेतलेला माणूस खड्ड्यात उतरतो, लांबी घेतो, रुंदी घेतो, खोलीशी अडतो. तळाला मुरूम लागलाय. गाळाच्या दरानं धरायचं की मुरमाच्या, यावर बायांनी त्याला घेरलंय.